अंगात कोणता फ्रॉक होता?

आमच्या पोलीस लाइनीत रात्री उशिरा दाराची कडी वाजली की आई आधी दिवा लावायची आणि मग बंबातलं पाणी गरम आहे का ते बघायची. अण्णा दारातच बूट काढायचे, पट्टा खुंटीला अडकवायचे आणि पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाहीत. ठाण्यातलं ठाण्यात ठेवून घरी यायचं, हा त्यांचा दंडक. मी तिसरीत असताना एका रात्री तो मोडला. शेजारच्या वाडीवरची सहा वर्षांची मुलगी दुपारपासून दिसत नव्हती. अण्णा, बाकीचे शिपाई, पोलीस पाटील आणि पन्नासेक गावकरी बॅटऱ्या घेऊन उसाच्या सरीसरीतून फिरले होते. दोन विहिरींत गळ टाकून झाले होते. पहाटे तीनच्या सुमाराला अण्णा आले ते बुटांसकट आत आले, माझ्या अंथरुणाशी उकिडवे बसले आणि आईला म्हणाले, "आज हिच्या अंगात कोणता फ्रॉक होता गं?"

आईला सांगता आलं नाही. सकाळी तिनंच माझी बटणं लावली होती, वेण्या घातल्या होत्या, तरी तिला आठवेना. ती अंधारात दोरीवरचे कपडे चाचपायला लागली. मी जागीच होते, डोळे मिटून.

पुढं कळलं की ठाण्यात 'मिसिंग' दाखल करून घेताना अण्णांनी हाच प्रश्न त्या मुलीच्या आईला विचारला होता. वय सहा, बांधा सडपातळ, रंग सावळा, केस काळे, इथवर सगळं लिहून झालं आणि 'अंगात' या शब्दापाशी पेन अडलं. आई म्हणाली निळा फ्रॉक. आजी म्हणाली हिरवा. शेजारीण म्हणाली, छे, परकर-पोलकं. आईला स्वतःच्या लेकीचा फ्रॉक सांगता येत नाही म्हणून ती माउली ठाण्याच्या फरशीवर बसून स्वतःला मारून घेत होती.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा ड्यूटीवर निघताना मला समोर उभं करायचे आणि डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. रिबिनीचा रंग, फ्रॉक, पायातल्या स्लिपर. काही बोलायचे नाहीत. मग "येतो" म्हणून सायकल काढायचे. त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. त्या मुलीचं पुढं काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे लाइनीतल्या पोरांना न सांगता कळतं.

हे सगळं माझ्या मनातून जवळजवळ पुसलं गेलं होतं. ते परत आलं एका इंग्रजी कादंबरीमुळे. रेजिनाल्ड हिल यांची 'ऑन ब्यूला हाइट', १९९८ची. ती मी आजवर तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा एका ठिकाणी पुस्तक मिटून उठावं लागलं.

हिल १९३६ साली हार्टलपूलला जन्मले, कंब्रियात वाढले आणि यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं शिक्षकी करून मग पूर्णवेळ लेखनाकडे वळले. १९७०पासून २०१२मध्ये जाईपर्यंत त्यांनी भरपूर लिहिलं, पण त्यांची ओळख राहिली ती मिड-यॉर्कशर या काल्पनिक परगण्यातल्या दोन पोलिसांमुळे. एक सुपरिंटेंडंट अँडी डीएल. लिहितात 'डॅल्झील' वाचावं तसं, पण उच्चार 'डीएल'. हे स्कॉटिश आडनाव. त्यात एक जुनं अक्षर होतं, ते छापखान्यात झेडसारखं छापलं जाऊ लागलं, आणि लिहिण्यात आलेला झेड बोलण्यात कधी आलाच नाही. हा डीएल लठ्ठ, शिवराळ, घटस्फोटित. त्याचं बोलणं वाचताना मला अण्णांच्या ठाण्यातले जुने जमादार आठवतात. आवाजानं खिडक्या हलवणारे, आणि समोरचा खोटं बोलतोय हे त्याच्या पायाच्या बोटांवरून ओळखणारे. दुसरा चीफ इन्स्पेक्टर पीटर पॅस्को: पदवीधर, सौम्य, घरी एली नावाची तडफदार बायको आणि रोझी नावाची लहान मुलगी. एलीचं पोलीस खात्याशी कधीच जमलं नाही. नवऱ्यावर तिचं प्रेम आहे आणि त्याच्या नोकरीवर राग आहे, आणि वीसेक पुस्तकांत हिल यांनी या दोन्हींतलं एकही पुसलं नाही. आमच्या लाइनीतल्या बायका शिकलेल्या नव्हत्या, पण हे मिश्रण मी प्रत्येक ओट्यावर पाहिलंय.

कादंबरीची गोष्ट डेनडेल नावाच्या खोऱ्यातली. तिथं धरण होणार म्हणून गाव उठायचं ठरलेलं. त्याच शेवटच्या उन्हाळ्यात गावातल्या तीन लहान मुली एकामागून एक नाहीशा होतात. संशय बेनी लाइटफूट नावाच्या एका विचित्र, एकलकोंड्या तरुणावर. त्याला धरून आणतात, पुराव्याअभावी सोडावं लागतं, आणि मग तोही गायब होतो. तपास तसाच राहतो आणि खोऱ्यावर पाणी चढतं. पंधरा वर्षांनी मोठा दुष्काळ पडतो. धरण आटतं, गावाचे अवशेष वर येतात. डेनडेलचे लोक ज्या डॅन्बी गावात जाऊन राहिलेत, तिथली एक सात वर्षांची मुलगी सकाळी कुत्र्याला घेऊन फिरायला जाते आणि परत येत नाही. जुन्या पुलावर कुणीतरी रंगानं लिहून ठेवतं: बेनी परत आलाय.

बुडालेलं गाव हे तिथं कल्पनेतलं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या शहरांना पाणी हवं होतं आणि खोरी डोंगरात होती. मँचेस्टरच्या पाण्यासाठी १९३०च्या दशकात मार्डेल गेलं. तिथल्या चर्चच्या आवारातली जवळपास शंभर माणसांची थडगी उकरून अवशेष शॅप गावी नेऊन पुन्हा पुरले, घरं सैन्यातल्या इंजिनिअरांनी सुरुंग लावून पाडली. लीड्ससाठी वॉशबर्न खोऱ्यात थ्रसक्रॉस धरण झालं, १९६६ साली, आणि त्याखाली वेस्ट एंड नावाचं गाव गेलं. दुष्काळात मार्डेलच्या दगडी भिंती आणि पूल वर येतात, तेव्हा लोक गाड्या करून बघायला जातात. १९९५च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमध्ये इतकी टंचाई झाली की टँकरनं पाणी आणून तलावांत ओतावं लागलं. पाणीपुरवठा १९८९पासून खासगी कंपन्यांकडे गेलेला, त्यामुळे लोकांचा रागही मोठा होता. तीन वर्षांनी ही कादंबरी आली. हिल यांनी एका पात्राला पाणी कंपनीतला बडा अधिकारी केलंय, आणि त्याच माणसाच्या घरावर जे कोसळतं ते वाचताना त्याच्याविषयीचा राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आमचा मुलूख भीमाकाठचा. १९८०मध्ये उजनी धरण झालं आणि गावंच्या गावं वरच्या माळावर आली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. पाणी फार खाली गेलं की ते वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यात आलं तेव्हा मी गेले होते. चिखलाला पडलेल्या भेगांवरून लोक देवळाकडे निघाले होते, मोबाइल वर धरून. एक म्हातारी मात्र देवळाकडे न जाता बाजूलाच एका दगडाशी थांबली, तिनं तो पदरानं पुसला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. तो तिच्या घराचा उंबरा होता की आणखी काही, मी विचारलं नाही. हिल यांच्या पुस्तकात डेनडेलची माणसं आटलेल्या खोऱ्यात उतरतात तेव्हा मला ती म्हातारी दिसते.

आता तपासाबद्दल. पोलीस तपासाची कादंबरी म्हणजे एका बुद्धिमान माणसाला सुचलेलं उत्तर नव्हे. ती कागदांची, पायपिटीची, पुन्हा पुन्हा विचारलेल्या त्याच प्रश्नाची गोष्ट असते. यॉर्कशरमध्ये कागदांचा अर्थ वेगळाच आहे. १९७५ ते १९८० या काळात तिथं पीटर सटक्लिफनं तेरा बायकांचे खून केले. पोलिसांनी त्याला १९८१च्या जानेवारीत पकडण्याआधी नऊ वेळा समोर बसवून प्रश्न विचारले होते आणि नऊही वेळा सोडलं होतं. लीड्सच्या मिलगार्थ ठाण्यातल्या तपासकक्षात इतकी कार्डं साठली की खोलीच्या जमिनीला आधार द्यावा लागला. त्याचं नाव त्या कार्डांत वेगवेगळ्या ठिकाणी होतं, पण एकत्र कुणाच्या हाती लागलं नाही. त्यातूनच मग मोठ्या गुन्ह्यांसाठी 'होम्स' ही संगणक यंत्रणा आली. हिल यांनी डेनडेलचा पहिला तपास नेमका त्याच सुमाराला ठेवलाय. त्यामुळे डीएलनं पंधरा वर्षं जपून ठेवलेल्या जुन्या फाइली उघडतात, तेव्हा ब्रिटिश वाचकाच्या मनात त्या जमिनीला दिलेले टेकूही येत असणार. आपण बघितलं होतं आणि आपल्याला दिसलं नव्हतं, ही ती भीती. डीएल तिच्याबद्दल बोलत नाही. तो फक्त जास्त खातो, जास्त ओरडतो आणि त्या तीन आईबापांच्या घरी पुन्हा एकदा जातो.

इथं घर येतं. अनेक ब्रिटिश पोलीस कादंबऱ्यांत अधिकाऱ्याचं घर हे दुःखाचं तयार सामान असतं. मोडलेलं लग्न, अबोला धरलेली मुलगी, रात्रीची व्हिस्की. तपास पुढं सरकेना की लेखक तिकडं एक फेरी मारून येतो. मला हे मनापासून खटकतं, कारण पोलिसाच्या घरातलं खरं दुःख असं वेगळ्या खोलीत नसतं. ते त्याच कामातून बुटांबरोबर आत येतं. 'ऑन ब्यूला हाइट'मध्ये पॅस्को हरवलेल्या मुलीच्या आईबापांना प्रश्न विचारत असतो. त्याच दिवसांत रोझीला ताप चढतो. मेंदूज्वर. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीलाही तोच. दोन्ही मुली एकाच हॉस्पिटलमध्ये, दोन्ही बाप एकाच व्हरांड्यात.

मी पुस्तक मिटते ते इथं. आदल्या दिवशीपर्यंत हा माणूस बातमी घेऊन दुसऱ्यांच्या दारात जात होता. कुठं उभं राहायचं, किती बोलायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. आता तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय आणि दार उघडलं की बाहेर येणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतोय. बातमी द्यायला येणारा माणूस पहिलं वाक्य बोलायच्या आधी जरा थांबतो, हे त्याला स्वतःच्या कामातून माहीत आहे, म्हणून तो त्या थांबण्यालाच घाबरतो. एलीला काय सांगावं ते त्याला कळत नाही. अनोळखी बायकांशी कसं बोलावं ते त्याला येत होतं.

त्या काळातल्या इंग्लंडमधल्या आईबापांना काचेच्या पेल्याची एक परीक्षा पाठ असायची, अजूनही असते. मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं तर त्यावर पेल्याची काच घट्ट दाबायची. दाबाखाली डाग फिका पडला तर जरा धीर, तरी पोरावरची नजर हटवायची नाही. काचेतून तसाच लालजांभळा दिसत राहिला, तर एक क्षण न थांबता हॉस्पिटल गाठायचं. मेंदूज्वराच्या सी प्रकाराची नवी लस सगळ्या मुलांना द्यायला ब्रिटननं सुरुवात केली ती १९९९च्या नोव्हेंबरात. असं करणारा तो पहिला देश. कादंबरी त्याच्या एक वर्ष आधीची. म्हणजे ती पहिल्यांदा वाचणाऱ्या प्रत्येक आईनं कधीतरी रात्री दिव्याखाली पोराच्या पोटावर पेला दाबून श्वास रोखलेला होता. हिल यांना ही भीती वेगळी रंगवायची गरजच नव्हती.

बेशुद्धीत रोझी एका गोष्टीत शिरते. नीना नावाची मुलगी आणि तिला पाण्याखालच्या गुहेत ओढून नेणारा निक्स नावाचा राक्षस, अशी ती लहान मुलांची गोष्ट कादंबरीतच दिलेली आहे. आटलेलं धरण, हरवलेल्या मुली आणि तापातली रोझी हे तिथं एकमेकांत मिसळतात. हॉस्पिटलमधल्या त्या दोघींपैकी एकच मुलगी घरी परत येते. कुठली, ते मी सांगत नाही. पण त्या व्हरांड्यात एका घराचा सुटकेचा श्वास दुसऱ्या घराला ऐकू जाऊ नये म्हणून जी धडपड होते, तेवढ्यासाठी तरी ही कादंबरी वाचावी.

कादंबरीत एक गायिका आहे, एलिझाबेथ. ती माहलर या संगीतकाराची 'किंडरटोटनलीडर' गाते, मृत मुलांची गाणी, तीही स्वतः इंग्रजीत उतरवून. या गाण्यांमागची कविता फ्रीडरिश रुकर्टची. हा तोच जर्मन पंडित, ज्यानं नलदमयंतीची कथा आणि जयदेवाचं 'गीतगोविंद' आपल्या भाषेत नेलं. १८३३ संपताना आणि १८३४ उजाडताना, दोनेक आठवड्यांत त्याची दोन मुलं लाल तापानं गेली. लुईस आणि एर्न्स्ट. त्यानंतर त्यानं चारशेवर कविता लिहिल्या. त्यांतल्या पाच माहलरनं घेतल्या. पहिल्या गाण्यात बाप म्हणतो, रात्री जणू काही घडलंच नाही असा सूर्य आता लख्ख उगवणार. चौथ्यात म्हणतो, मला सारखं वाटतं, ती नुसती बाहेर गेलीत, लवकरच घरी येतील, हवा छान आहे, घाबरायचं कारण नाही, जरा लांबचा फेरा घेतलाय त्यांनी. ती गाणी १९०५मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा गायली गेली. दोन वर्षांनी माहलरची थोरली मुलगी मारिया गेली.

ते चौथं गाणं ऐकताना मला अण्णांचं "येतो" आठवतं. आपल्याकडं उंबरा ओलांडताना 'जातो' म्हणत नाहीत. बंदोबस्ताला, दंगलीला, बेवारस मयताच्या पंचनाम्याला, अण्णा प्रत्येक वेळी "येतो" म्हणाले आणि आई प्रत्येक वेळी "या" म्हणाली. ती मुलगीही दुपारी घरातून निघताना काहीतरी म्हणालीच असेल.

नावातलं 'ब्यूला' म्हणजे जॉन बनियन या इंग्रज लेखकाच्या 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मधल्या यात्रेकरूला प्रवासाच्या शेवटाशी लागणारा प्रदेश, जिथून स्वर्गनगरी दिसते. बनियनचं ते पुस्तक हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं होतं. हिल यांनी त्या शब्दाची टेकडी बुडालेल्या खोऱ्यावर उभी केली. तिथून खाली दिसतं ते आटलेलं पाणी.

सगळंच मला पटतं असं नाही. शेवटाकडे धागे फार नेटके जुळतात, आणि संगीत महोत्सवातली काही पानं कमी असती तरी चाललं असतं. पण सार्जंट वील्डसाठी मी ते सोडून देते. वर्षानुवर्षं आपलं समलिंगी असणं खात्यापासून लपवलेला हा कुरूप, अबोल पोलीस आता एडविन नावाच्या जोडीदारासोबत राहतो. घरी गेल्यावर कुणीतरी "उशीर झाला" म्हणावं, एवढंच त्याला आयुष्यभर हवं होतं.

कादंबरी आल्याच्या पुढच्या वर्षी, १९९९च्या फेब्रुवारीत, स्टीफन लॉरेन्स खून प्रकरणावरचा मॅकफर्सन अहवाल आला. त्या कृष्णवर्णीय तरुणाच्या आईवडिलांना पोलिसांनी कसं वागवलं, यावर त्यात कडक ठपका होता. त्यानंतर पीडित कुटुंबासोबत राहणाऱ्या अधिकाऱ्यांचं काम नीट आखलं गेलं, त्यांना वेगळं शिक्षण मिळू लागलं. हा अधिकारी स्वयंपाकघरात बसतो, चहा घेतो, मुलाचे फोटो बघतो, आणि तरी तो तपासाचाच भाग असतो. त्या घरात काय बोललं जातं, काय टाळलं जातं, ते त्याला लिहून न्यायचं असतं. हे दोन्ही एकाच माणसानं कसं करायचं? डीएल जुन्या गावकऱ्यांच्या घरी जाऊन बसतो त्या प्रसंगांत मला याचं थोडंफार उत्तर दिसतं. तो सांत्वन करत नाही. त्याला त्यांच्या मुलींची नावं, त्यांच्या सवयी, त्यांचे कपडे पाठ आहेत, आणि पंधरा वर्षांनंतर दुसऱ्या कुणाला ते तसं पाठ आहे, एवढंच तो त्या आईबापांना देऊ शकतो.

तिसऱ्यांदा वाचून संपवलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, दुपारी काय जेवले ते आईला विचारून सांगतात. आधी गुडघ्यांचं झालं, पावसाचं झालं, नातवाच्या परीक्षेचं झालं. मग मी म्हटलं, "अण्णा, त्या वाडीवरच्या मुलीच्या अंगात कोणता फ्रॉक होता?"

कुठली मुलगी, असं त्यांनी विचारलं नाही.

"पिवळा," ते म्हणाले. "डाव्या खांद्याचं बटण नव्हतं, सेफ्टी पिन लावलेली."

मग बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. नंतर म्हणाले, "तू आज काय घातलंयस?"

मी खाली बघितलं आणि त्यांना सांगितलं.